कुलूपबंद बागा आणि शहराचे आरोग्य

महापालिकेच्या कागदपत्रांत सार्वजनिक उद्यान दोन ठिकाणी भेटते. विकास आराखड्यात ते हिरव्या रंगाचा तुकडा असते आणि अर्थसंकल्पात सुशोभीकरणाचा खर्च. पहिल्यावरून दरडोई मोकळ्या जागेचे गणित मांडले जाते, दुसऱ्यातून कारंजी, रंगीत दिवे आणि प्रवेशद्वाराच्या कमानी यांच्या निविदा निघतात. आरोग्य विभागाचा या दोन्हींशी संबंध येत नाही. सुरक्षिततेचा विचार संरक्षक भिंत, फाटक, कुलूप आणि रखवालदार यांपुढे जात नाही. हिरवाई असली की आरोग्य आपोआप मिळते आणि बंदोबस्त असला की सुरक्षितता, अशी सर्वमान्य समजूत या कारभारामागे आहे. ही समजूत उथळ आहे.

उद्यानाचा आरोग्याला होणारा बहुतेक लाभ तेथे जाणाऱ्या माणसालाच होतो. उद्यान सुरक्षित राहते तेही जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांमुळे. म्हणजे दोन्ही लाभांचा उगम एकच आहे: वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या कामाच्या स्त्री-पुरुषांचा दिवसभर विखुरलेला वावर. यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारात फार दूरवर जातो. जी जी गोष्ट लोकांना बागेबाहेर ठेवते, मग ती उंच भिंत असो, दुपारचे कुलूप असो की स्वच्छतागृहाचा अभाव असो, ती आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे नुकसान एकाच वेळी करते. बंदोबस्ताच्या नावाखाली केलेले अनेक उपाय याच कारणाने उलटतात.

‘शहराची फुफ्फुसे’ ही कल्पना कुठे तोकडी पडते

उद्यानांना शहराची फुफ्फुसे म्हणण्याची प्रथा लंडनमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पडली. तेव्हा रोग दूषित हवेतून पसरतात असा वैद्यकाचा समज होता, आणि त्या समजातून चांगल्या गोष्टीही घडल्या. पूर्व लंडनमधील कामगार वस्त्यांचे मृत्यूचे आकडे १८३९ मध्ये पुढे आल्यावर तेथे उद्यानाची मागणी झाली आणि १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क खुले झाले. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची रुंद रस्त्यांची, झाडांची आणि फाइव्ह गार्डन्सची आखणी ही त्या ट्रस्टची कामगिरी होय. म्हणजे या शहरातील नियोजित बागांचा एक मोठा वारसा थेट साथीच्या रोगाच्या भीतीतून आला आहे. आज आरोग्य विभाग आणि उद्यान विभाग एकमेकांना ओळखत नाहीत, हे त्या इतिहासाचे विस्मरण आहे.

मात्र आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर फुफ्फुसांची कल्पना टिकत नाही. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि शहरात त्याची टंचाई नसते, त्यामुळे बाग प्राणवायू ‘पुरवते’ हे म्हणणे निरर्थक आहे. झाडांची पाने धूलिकण अडवतात हे खरे, पण अमेरिकेतील शहरांच्या अभ्यासांत झाडांमुळे हवेच्या गुणवत्तेत पडणारा फरक सरासरी एक टक्क्याहूनही कमी निघाला. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि कचरा जाळणे यांवरचा उपाय त्यांच्या उगमाशीच करावा लागतो. शेजारी बाग आहे म्हणून रस्त्याच्या प्रदूषणाला माफी देता येत नाही. उलट अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी असेल तर धूर खालीच कोंडून राहू शकतो.

हे स्पष्ट करण्यामागे उद्यानांचे महत्त्व कमी करण्याचा हेतू नाही. चुकीच्या कारणासाठी बांधलेली गोष्ट चुकीच्या पद्धतीनेच बांधली जाते. बाग ही हवा गाळणारी यंत्रणा मानली, तर तिच्यात माणूस गेला काय किंवा न गेला काय, फरक पडत नाही. मग कुंपणाआडची झाडे आणि खुली बाग यांचे मोल सारखेच ठरते.

आरोग्य मिळते कसे

पहिला मार्ग चालण्याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांत ३५ टक्क्यांच्या पुढे गेले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे पुरते. एवढीही हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली २२ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेले. त्यात पुरुष ४२ टक्के, तर स्त्रिया ५७ टक्के. हा फरक आळसाचा नाही. चालण्यासाठी जागा आणि वेळ कोणाच्या वाट्याला येते, याचे उत्तर त्यात आहे. पदपथ खोदलेले, रस्ता वाहनांनी भरलेला आणि व्यायामशाळेचे शुल्क परवडत नाही, अशा कुटुंबासाठी चालण्याची एकच जागा उरते, ती घरापासून दहा मिनिटांच्या आतली बाग.

दुसरा मार्ग सावलीचा. उष्णतेची लाट हा आता आरोग्याचा प्रश्न म्हणून मान्य झाला आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले. त्या अनुभवातून २०१३ मध्ये तेथे दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या समारंभानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. सावली नसलेली मोकळी जागा उन्हाळ्यात किती घातक ठरू शकते, हे त्या घटनेने दाखवले. दाट पर्णभाराखाली दोन गोष्टी घडतात: अंगावर पडणारे थेट ऊन अडते, आणि पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने आसपासची हवा थोडी निवते. यातला पहिला परिणाम मोठा आहे. सिमेंट आणि डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. माती आणि हिरवळ लवकर थंड होतात. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी बागेत मिळणारे दोन तास शरीर सावरायला लागतात, ते याच कारणाने. ही सावली मोठ्या झाडांची हवी. लॉन आणि शोभेची ताडवर्गीय झाडे ती देऊ शकत नाहीत. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बकुळ ही झाडे देतात, पण त्यांना वाढायला वीस-तीस वर्षे लागतात, आणि निविदांचा हिशेब इतका लांब चालत नाही.

तिसरा मार्ग मनाचा. निसर्ग मनाला बरा वाटतो हे सांगायला संशोधनाची गरज नाही. पण हा लाभ गरीब वस्तीत, अगदी थोड्या खर्चात मोजून दाखवता येतो का, हा प्रश्न महत्त्वाचा होता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागण्यात आले. काहींवर कचरा काढून हिरवळ व थोडी झाडे लावली आणि कमी उंचीचे लाकडी कुंपण घातले, काहींवरचा फक्त कचरा उचलला आणि काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत खिन्नता जाणवत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. केवळ कचरा उचललेल्या जागांभोवती असा ठोस बदल दिसला नाही. औषधांच्या चाचणीला जी शिस्त लागते, तीच येथे पाळली होती, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १२ शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर घालवायला लावली. तीन वर्षांत लघुदृष्टीचा चष्मा लागण्याचे प्रमाण तेथे ३०.४ टक्के राहिले, इतर शाळांत ते ३९.५ टक्के झाले. खेळ कोणता याला येथे महत्त्व नाही, बाहेरचा लख्ख उजेड डोळ्यांत जाणे पुरेसे दिसते. दोन खोल्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलाला हा उजेड बागेतच मिळतो.

या चारही लाभांत एक अट समान आहे. माणूस तेथे गेला पाहिजे, पुन्हा पुन्हा गेला पाहिजे आणि काही वेळ थांबला पाहिजे.

सुरक्षिततेचा उगम

माणूस बागेत जातो की नाही, हे तेथे सुरक्षित वाटते की नाही यावर ठरते. येथेच प्रचलित समजूत सर्वाधिक चुकते.

फिलाडेल्फियाचा नकाशा शहराचे संस्थापक विल्यम पेन यांच्यासाठी सतराव्या शतकाच्या अखेरीस काढला गेला, तेव्हा त्यात मध्यवर्ती चौकापासून जवळपास सारख्या अंतरावर चार सारखी उद्याने होती. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्झ यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात त्या चौघांचे पुढे काय झाले ते दाखवले. एक उद्यान शहरातले सर्वांत लाडके ठरले. दुसरे बेघर आणि व्यसनी लोकांचा अड्डा झाले. तिसऱ्याला बदनामी चिकटली. चौथे वाहतुकीच्या वळणात अडकून निकामी झाले. वय, आकार आणि आखणारा हात एकच असूनही नशिबे वेगळी झाली, कारण सभोवतालचा परिसर वेगळा होता. लाडक्या ठरलेल्या रिटनहाउस चौकाभोवती घरे, कार्यालये, दुकाने, शाळा आणि उपाहारगृहे मिसळलेली होती. सकाळी फिरणारे, मग कामावर जाणारे, दुपारी मुलांना घेऊन आलेल्या आया, जेवणाच्या सुट्टीतले कर्मचारी, संध्याकाळी मुले आणि म्हातारी माणसे, असा वावर दिवसभर बदलत पण चालू राहत होता. बदनाम झालेल्या वॉशिंग्टन चौकाभोवती फक्त कार्यालये होती. कार्यालये सुटली की तो ओस पडे, आणि ओस जागा ज्याला हवी असते तो तिचा ताबा घेतो. बागेला तिच्या परिसरापासून तोडून सुधारता येत नाही, हा जेकब्झ यांचा निष्कर्ष आजही खोडता आलेला नाही.

न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क ही याची उलट तपासणी आहे. १९७० च्या दशकात ते अमली पदार्थांच्या व्यवहाराचे ठिकाण झाले होते. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी निरीक्षण करून कारण सांगितले: उद्यान रस्त्यापासून उंचावर होते, भोवती दाट कुंपण होते, आत येण्या-जाण्याचे मार्ग थोडे होते. आत काय चालले आहे हे रस्त्यावरून दिसत नव्हते आणि आतल्याला चटकन बाहेर पडता येत नव्हते. १९८८ मध्ये उद्यान बंद करून १९९२ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा झुडपे हटवली, प्रवेश रुंद केले, स्वच्छतागृहे सुरू केली, खाण्याची सोय केली आणि हवे तिथे सरकवता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. जागा तीच राहिली, वावर बदलला आणि गुन्हे हटले.

मुंबईकराला याचे उदाहरण घराजवळ मिळते. १९२५ मध्ये खुले झालेले दादरचे सुमारे २८ एकरांचे शिवाजी पार्क उंच भिंतीने वेढलेले नाही. त्याच्याभोवती आहे तो कट्टा. बसण्याइतकाच उंच असल्याने तो वाहनांना अडवतो, पण नजरेला अडवत नाही. स्वतःच एक अखंड बाकडे असल्याने मैदानाची कड तो दिवसभर माणसांनी भरलेली ठेवतो. आत क्रिकेटचे डाव, व्यायाममंदिर, देऊळ, वाचनालय, आजी-आजोबांचा कोपरा आणि चालणाऱ्यांची फेरी असे कितीतरी वापर एकमेकांना लागून चालतात. सभोवार राहत्या इमारती आहेत. हिवाळ्यात उडणाऱ्या लाल मातीच्या धुळीचा त्रास तेथील रहिवाशांना खरोखर होतो आणि तो सोडवलाच पाहिजे. पण सुरक्षिततेचा प्रश्न या मैदानाने कट्ट्याच्या साध्या रचनेने सोडवला आहे, आणि नव्या बागा बांधताना महापालिका नेमकी हीच गोष्ट विसरतात. दीड-दोन मीटरची भिंत, वर ग्रिल, एकच फाटक: ही रचना चोरट्याला अडवत नाही, ती फक्त साक्षीदारांना दूर ठेवते.

वर सांगितलेल्या ५४१ भूखंडांच्या प्रयोगातही हेच दिसले. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत भूखंड सुधारल्यानंतर बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाला, घरफोड्या सुमारे २२ टक्क्यांनी घटल्या. बाहेर बसण्या-बोलण्यासाठी त्या जागा वापरणाऱ्यांचे प्रमाण तीन चतुर्थांशाने वाढले. तेथे रखवालदार नेमला नव्हता. कुंपण गुडघ्या-कमरेएवढे होते आणि त्याला आत जायला मोकळ्या वाटा होत्या. शिकागोमधील एका सार्वजनिक गृहसंकुलातील ९८ इमारतींच्या २००१ च्या अभ्यासात भरपूर हिरवाईच्या इमारतींभोवती गुन्हे ५२ टक्क्यांनी कमी आढळले. ती हिरवाई म्हणजे उंच खोडांची झाडे आणि खाली गवत, म्हणजे डोळ्यांच्या उंचीवर सगळे मोकळे. मियावाकी पद्धतीची घनदाट रोपवने आणि बागा यांतला फरक येथे लक्षात घ्यावा. रोपवनाला त्याचे स्थान आहे, पण बागेतल्या वाटेला खेटून ते लावणे म्हणजे वाट सोडून देणे.

स्त्रिया: पहिली कसोटी

व्हाइट यांनी सार्वजनिक जागेची पारख करण्यासाठी एक साधे माप वापरले: तेथे स्त्रियांचे प्रमाण किती आहे? जागा असुरक्षित वाटू लागली की सर्वांत आधी स्त्रिया येणे थांबवतात, आणि त्या थांबल्या की जागा आणखी असुरक्षित होते. हे माप महाराष्ट्रातील कोणत्याही बागेला, कोणत्याही वेळी लावता येते. सकाळी सहाला ते समाधानकारक निघेल, दुपारी तीनला किंवा रात्री नऊला निघणार नाही.

व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात पाहिले की साधारण दहा वर्षांनंतर मुली बागेत येणे सोडतात, मुलगे मात्र येत राहतात. भीती हे एकमेव कारण नव्हते. मधल्या मैदानावर चेंडूचा खेळ चाले आणि तेथे जागेसाठी झगडावे लागे. मुली झगडत नसत, निघून जात. १९९९ पासून दोन उद्यानांत मोठ्या जागेचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारखे खेळ आणले, वाटा उजळल्या, बसण्याच्या जागा वाढवल्या. मुली परत आल्या. आपल्याकडे बहुतेक मैदानांवर क्रिकेटचेच राज्य असते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी घसरगुंडी आणि जॉगिंग ट्रॅक यांच्यामध्ये काहीही नसते. शाळेनंतर तिने कुठे जावे, याचे उत्तर शहराकडे नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ मधील ‘व्हाय लॉयटर?’ या मुंबईवरील पुस्तकाने हा प्रश्न आणखी पुढे नेला. स्त्रीला सार्वजनिक जागी असण्यासाठी सतत काहीतरी काम दाखवावे लागते. पुरुष कट्ट्यावर नुसता बसू शकतो, ती मुलाला घेऊन, पिशवी घेऊन किंवा व्यायामाच्या बुटांत असली तरच चालते. म्हणून तिच्यासाठी सुरक्षितता म्हणजे केवळ पहारा होत नाही. निवांत बसण्याचा अधिकार, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि प्यायचे पाणी या तीन गोष्टी त्यात येतात. स्वच्छतागृह नसलेल्या बागेत स्त्री, मधुमेही वृद्ध आणि लहान मूल तासभर थांबू शकत नाहीत. तेव्हा स्वच्छतागृह हे बागेचे आरोग्यसाधन आहे आणि सुरक्षेचे साधनही. ओपन जिमच्या यंत्रांआधी त्याचा खर्च व्हायला हवा.

दुपारचे कुलूप

महाराष्ट्रातील बऱ्याच पालिकांच्या बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या असतात, दुपारी त्यांना कुलूप असते. साफसफाई, झाडांना पाणी आणि ‘नको ती माणसे’ ही तीन कारणे दिली जातात. पहिल्या दोन कामांसाठी कुलुपाची गरज नसते. रस्त्याची झाडलोट रस्ता बंद करून होत नाही.

या कुलुपाची किंमत मात्र मोठी आहे. उन्हाळ्यात सावलीची खरी गरज बारा ते चार या वेळात असते, आणि ती ज्यांना असते ते घरोघर वस्तू पोहोचवणारे तरुण, बांधकामावरचे मजूर, फेरीवाले आणि सफाई कर्मचारी फाटकाबाहेर भिंतीच्या पट्टीभर सावलीत बसतात. उष्णता कृती आराखडे एका बाजूला सावलीच्या सार्वजनिक जागा खुल्या ठेवायला सांगतात, दुसऱ्या बाजूला शहराची सर्वांत गार जागा बंद असते. हिवाळ्यात नुकसान वेगळे होते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि धूलिकण खाली साचतात. दुपारी हवा हलू लागली की प्रमाण उतरते. पुण्या-मुंबईत त्या दिवसांत दुपारी सावलीत चालणे सुखकर असते. तरीही वेळापत्रक चालणाऱ्याला सर्वांत वाईट हवेच्या वेळी बाहेर काढते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णासाठी ही क्षुल्लक बाब नाही.

शिवाय दिवसाचा मधला भाग रिकामा झाल्याने रिटनहाउस चौकातल्यासारखी वावराची साखळी तुटते. संध्याकाळी फाटक उघडते तेव्हा बाग पुन्हा शून्यापासून भरावी लागते.

शारीरिक धोके

गुन्हा हा सुरक्षिततेचा एक भाग झाला. बागेत होणाऱ्या इजा बहुतेक साध्या कारणांनी होतात. घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली काँक्रीट किंवा फरशी असेल तर पडलेल्या मुलाच्या डोक्याला मार बसतो. खोल वाळूचा थर हा धोका खूप कमी करतो, पण तो वरचेवर चाळावा व भरावा लागतो. रबरी लाद्या उन्हात चटका देतात, त्यांच्यावर सावली हवी. पेव्हर ब्लॉकची खचलेली वाट म्हाताऱ्या माणसाला पाडते. सलग, पाण्याचा निचरा होणारी मुरमाची वाट गुडघ्यांनाही बरी असते. बाकड्याला हात नसतील तर त्यावरून उठणे वृद्धांना जड जाते.

पावसाळ्यात फांद्या आणि झाडे पडून माणसे दगावतात. मुळांभोवती बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट, खोदकामात तोडलेली मुळे आणि एकाच बाजूने केलेली छाटणी ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणे निर्माण केली. त्यांचा बराच वेळ झाडे तोडण्याच्या अर्जांवर जातो, उभ्या झाडांच्या तपासणीवर कमी. दिव्यांबाबत एवढेच सांगायला हवे की एका प्रखर दिव्यापेक्षा फाटकापासून फाटकापर्यंतचा मंद, एकसारखा उजेड चांगला. प्रखर दिव्याभोवतीचा अंधार अधिक गडद होतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की खुल्या बागेत व्यसनी, बेघर आणि प्रेमी युगुले बसतात, मग कुटुंबे येत नाहीत. हे तिन्ही गट एकाच वाक्यात बसवणे ही मूळ चूक आहे. शांतपणे बसलेले जोडपे कोणालाही धोका नसते, उलट ओसाड वेळी तेथे असलेली ती दोन माणसे असतात. त्यांना हुसकावणारी बाग एकट्या मुलीलाही हुसकावते, कारण जाब विचारण्याची सवय एका गटापाशी थांबत नाही. दुपारी झाडाखाली झोपलेला मजूर हा बागेचा गैरवापर करत नसून तिचा आरोग्यासाठी सर्वांत थेट वापर करत असतो. उरतो तो अमली पदार्थांचा आणि छेडछाडीचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्यासाठी माणूस लागतो. पण फाटकावर खुर्ची टाकून बसणारा रखवालदार नव्हे, तर बागेत फिरणारा, नेहमी येणाऱ्यांना नावाने ओळखणारा, झाडांचे काम करणारा माळी लागतो. कंत्राटावर दर काही महिन्यांनी बदलणारा कर्मचारी हे काम करू शकत नाही. कॅमेरे घटनेनंतर उपयोगी पडतात, घटना घडत असताना हाक ऐकत नाहीत.

दुसरा आक्षेप जमिनीचा. मुंबईत सार्वजनिक मोकळी जागा दरडोई सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत १० ते १२ चौरस मीटर अपेक्षित आहे. ही दरी बागा बांधून भरणार नाही, हे मान्य करावे लागते. पण म्हणूनच आहे त्या जागेचा प्रत्येक तास मोलाचा ठरतो. चार तास उघडी असलेली बाग बारा तास उघडी ठेवणे म्हणजे जमीन न घेता तिचा वापर तिप्पट होऊ देणे. शाळांची मैदाने संध्याकाळी आणि सुट्टीत शेजाऱ्यांना खुली करता येतात. पॅरिसने काही वर्षांपासून शाळांची अंगणे हिरवी करून शनिवारी परिसराला खुली करायला सुरुवात केली आहे. माटुंग्यात उड्डाणपुलाखाली नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराची सुमारे ६०० मीटरची फिरण्याची वाट झाली. दोन्हीकडून वाहने जात असल्याने तेथील हवेबद्दल सावध राहावे लागेल, तरी जागा शोधणाऱ्या नजरेला दाद द्यायला हवी. धारावीलगत मिठी नदीच्या काठी कचराभूमीवर उभे राहिलेले, १९९४ मध्ये खुले झालेले ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे तर मोठेच उदाहरण आहे.

जमिनीच्या प्रश्नाची खरी गळती कायद्यात आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरही ठरलेल्या मुदतीत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपते. कितीतरी बागांची आरक्षणे अशीच निव्वळ दिरंगाईने हातची जातात. मोठ्या गृहसंकुलांना सोडावी लागणारी दहा टक्के मोकळी जागा फाटकाच्या आत राहते आणि शेजारच्या चाळीतल्या मुलाला तिचा उपयोग नसतो. इंग्लंडमधील सुमारे चार कोटी लोकांच्या २००८ च्या अभ्यासात, हिरवाई अधिक असलेल्या भागांत श्रीमंत-गरिबांच्या मृत्युदरांतील तफावत कमी आढळली. म्हणजे बागेचा सर्वाधिक लाभ ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याला होतो. आपल्याकडे वाटप नेमके उलटे आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. फिलाडेल्फियात एका भूखंडाला सुमारे १६०० डॉलर एकदा आणि देखभालीला वर्षाला सुमारे १८० डॉलर लागले. आपल्याकडे कमान, कारंजे आणि पुतळेवजा शोभेच्या वस्तू यांवर होणारा खर्च देखभालीकडे वळवला तरी फार मोठा फरक पडेल. बंद पडलेले कारंजे हा तर दुहेरी तोटा आहे: साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते.

मोजणी

वर मांडलेले सारे मोजता येते, आणि मोजले नाही तर सुशोभीकरणच चालू राहील. अमेरिकेतील संशोधकांनी यासाठी विकसित केलेली पद्धत सोपी आहे. बागेचे भाग पाडायचे, ठरलेल्या वेळी प्रत्येक भागावर एक नजर फिरवायची आणि किती स्त्रिया, किती पुरुष, साधारण कोणत्या वयाचे, बसलेले की चालणारे की धावणारे, एवढेच नोंदवायचे. कोणाचे नाव विचारायचे नाही, छायाचित्र घ्यायचे नाही. समाजकार्य किंवा वास्तुकला महाविद्यालयाचे विद्यार्थी एका प्रभागातील सगळ्या बागांची अशी नोंद वर्षातून चार ऋतूंत करू शकतात. कामाचा दिवस, सुट्टीचा दिवस, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र या सर्व वेळा त्यात याव्यात. दुपारी बंद असलेल्या बागेसमोर शून्य लिहायचे आणि फाटकाबाहेर सावलीत बसलेली माणसे वेगळ्या रकान्यात मोजायची.

हे आकडे प्रभाग समितीपुढे आरोग्य अधिकारी आणि उद्यान अधीक्षक यांनी एकत्र मांडावेत. ज्या बागेत दुपारी चारनंतर स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी आहे, तेथे पुढील वर्षाचा निधी आधी स्वच्छतागृह, उजेड आणि भिंत उतरवणे यांना मिळावा. ज्या प्रभागात दहा मिनिटांच्या अंतरावर बागच नाही, तेथील मुदत संपत आलेली आरक्षणे संपादनाच्या यादीत वर घ्यावीत. उष्णतेचा इशारा जाहीर झाला की कुलूप काढण्याचा आदेश आरोग्य अधिकाऱ्याला स्वतःच्या अधिकारात देता यावा. यासाठी बहुतेक ठिकाणी नवा कायदा लागत नाही, उद्यान विभागाच्या वेळापत्रकात आणि खर्चाच्या क्रमात बदल करणारा ठराव पुरतो.